खांदा दुखत असेल तर
पोहताना खांदा दुखतोय हे प्रशिक्षकांपासून लपवू नकोस, आज सरावाआधीच सांग. हात पाण्यात शिरताना अंगठा आधी जातो का बघ; तसं होत असेल तर खांदा आत वळतो आणि कळ वाढते. सध्या किकवर, म्हणजे नुसते पाय मारण्यावर भर दे, पण हातात तरंगता बोर्ड धरून नको. हात पुढे ताणले की भार पुन्हा त्याच खांद्यावर येतो. उताणं होऊन, हात अंगालगत ठेवून मार. २००७ मध्ये मनगट मोडल्यावर अमेरिकी जलतरणपटू मायकेल फेल्प्सनेही पाण्यात किकच मारली, आणि २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकला ८ सुवर्णपदकं जिंकली!

तापाचं मात्र वेगळं. अंगात ताप असताना पाण्यात उतरायचंच नाही, स्पर्धा तोंडावर असली तरी. तेवढे दिवस खोलीत एकटा कुढू नकोस, संघाशी बोलत राहा.