जहाजाची लाइफबोट आणि हिंगणा रोडचं वर्कशॉप

पत्र थोडक्यात : मी नागपूरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बाबांचं हिंगणा रोडला क्रेन आणि चेन पुली ब्लॉक दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. जहाजावर सराव चालू असताना लाइफबोट कोसळून माणसं गेल्याचा व्हिडिओ पाहिला, तेव्हापासून तोच विषय डोक्यात आहे. बोट पाण्याला टेकली की सेन्सरवर आपोआप सुटेल असा मोटारचा हुक शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला करावा म्हणते. यातच करिअर होईल का? आई म्हणते, 'नागपुरात समुद्र आहे का? कॅम्पसला येईल ती नोकरी धर.' बाबा काहीच बोलत नाहीत. — वैष्णवी, नागपूर

प्रिय वैष्णवी,

करिअर होईल. पण तू ज्या दाराशी उभी आहेस त्या दाराने बहुतेक नाही. आधी तुझ्या हुकाबद्दल बोलू, नोकऱ्यांचं मग.

लाटेचा विचार कर. खवळलेल्या समुद्रात बोट तारांवरून खाली येते आहे. एका लाटेचा माथा तळाला लागला, सेन्सरने 'पाणी' सांगितलं, हुक सुटले. पुढच्या क्षणी लाट खाली गेली आणि माणसांनी भरलेली बोट तीन-चार मीटरवरून आदळली. किंवा पुढचा हुक सुटला, मागचा अडकला आणि बोट एका टोकावर लोंबकळली. दुसरी गोष्ट विजेची. ही बोट वर्षानुवर्षं उघड्यावर, खाऱ्या वाऱ्यात टांगलेली असते. ज्या दिवशी ती लागते त्या दिवशी जहाजावर वीज असेलच असं नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय नियम सांगतो की बोट उतरवणारी यंत्रणा गुरुत्वाकर्षणावर किंवा साठवलेल्या यांत्रिक शक्तीवर चालली पाहिजे, जहाजाच्या विजेवर नाही. जहाज एका बाजूला २० अंश कललेलं असलं, नाकावर किंवा शेपटीवर १० अंश झुकलेलं असलं, तरी ती चालली पाहिजे. हे आकडे कुठून आले असतील याची कल्पना हवी तर लुसिटानिया बघ. ७ मे १९१५ ला टॉर्पेडो लागला आणि १८ मिनिटांत जहाज बुडालं. एका बाजूच्या बोटी कलामुळे आत डेकवर येत होत्या, दुसऱ्या बाजूच्या बाहेर लांब झुलत होत्या. ४८ बोटींपैकी जेमतेम ६ नीट उतरल्या. टायटॅनिकमुळे लोकांना वाटतं की बोटी पुरेशा असल्या की झालं. बोटी असून त्या पाण्यात न उतरण्याचा प्रश्न त्याहून जुना आहे आणि अजून पुरता सुटलेला नाही.

आता तू पाहिलेल्या अपघाताच्या मुळाशी जाऊ. मला या विषयात सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट तीच वाटते.

२७ मार्च १९८० ला नॉर्वेजवळ उत्तर समुद्रात 'अलेक्झांडर किलंड' नावाचा तरंगता प्लॅटफॉर्म उलटला. तेल कामगारांच्या राहण्याची ती सोय होती. वर २१२ माणसं होती, त्यातली १२३ गेली. बोटी खाली सोडल्या गेल्या, पण तारेवर ताण असेपर्यंत हुक सुटतच नसत, तशीच रचना होती. खवळलेल्या समुद्रात ताण जातो कशाला! त्यानंतर नियम बदलले. १९८३ च्या दुरुस्त्या जुलै १९८६ पासून लागू झाल्या आणि नव्या जहाजांवर भार असतानाही सोडता येणारे हुक, म्हणजे 'ऑन-लोड रिलीज', आले. दुखण्यावर नेमकं औषध, असंच कुणालाही वाटलं असतं.

मग नवं दुखणं सुरू झालं. भार असताना सुटणारा हुक नको तेव्हाही सुटू लागला. अपघात व्हायचे ते बुडत्या जहाजावर कमी आणि शांत बंदरातल्या सरावात जास्त. खलाशी बोटीत बसायलाच कचरू लागले.

का सुटायचा, ते जरा जवळून बघ, कारण तुझा प्रोजेक्ट इथेच आहे. जुन्या रचनेत हुकाच्या शेपटीला एक कॅम, म्हणजे फिरणारा खटका, अडवून धरतो. बोटीच्या वजनाचा कल हुक उघडण्याकडे असतो आणि तो कॅम त्याला रोखतो. चालकाच्या जागेवर एक लिव्हर, तिथून कॅमपर्यंत नळीतून गेलेली केबल. सराव संपला की हुक परत अडकवायचा आणि कॅम पूर्ण फिरून जागी बसला पाहिजे. केबल ताणून लांबलेली असली, गंजलेली असली, नळीत घासत असली, तर लिव्हर पूर्ण फिरतो आणि कॅम अर्धाच. बाहेरून हुक बंद दिसतो. दाराची कडी लागल्यासारखी दिसते पण कोयंड्यात गेलेली नसते, तसं. बोट तारांवर वर येते, डेव्हिटला, म्हणजे ती टांगायच्या दांड्यांना, टेकताना एक झटका बसतो आणि कॅम निसटतो.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०११ मध्ये हुकाचे निकषच बदलले. भार आला की हुक बंदच राहायला हवा, झिजला किंवा थोडा वाकडा बसला म्हणून उघडता कामा नये, आणि गंजाला तोंड देणारा धातू हवा, वरच्या मुलाम्यावर विसंबायचं नाही. जुने हुक या निकषात बसत नसतील तर १ जुलै २०१४ नंतरच्या पहिल्या ड्राय-डॉकमध्ये, म्हणजे जहाज दुरुस्तीला पाण्याबाहेर घेतात तेव्हा, आणि उशिरात उशिरा १ जुलै २०१९ पर्यंत, बदलायचे होते. तोपर्यंत 'फॉल प्रिव्हेंटर' म्हणून हुकाला समांतर एक पट्टा किंवा पिन लावायची, म्हणजे हुक उघडला तरी बोट त्यावर राहील. अर्थात तो पट्टा पाण्यात गेल्यावर काढायला विसरलं की पुन्हा किलंडचीच गत. तुला दिसतंय ना, इथे प्रत्येक उपायाला स्वतःचा असा एक अपाय आहे? म्हणून 'नवा हुक शोधते' म्हणणाऱ्याकडे या क्षेत्रातले लोक जरा संशयानेच बघतात. प्रत्येक कंपनीचा हुक वेगळा, लिव्हरचा क्रम वेगळा, आणि खलाशी दर काही महिन्यांनी जहाज बदलतो. त्यात तुझा आणखी एक प्रकार.

त्यापेक्षा एक साधी टेस्ट रिग कर. लिव्हर, केबल, कॅम, आणि खाली लटकवलेलं वजन. केबलची लांबी एकेक मिलिमीटर वाढवत जा, आणि लिव्हर 'बंद' दाखवत असताना कॅम प्रत्यक्षात किती अंश मागे आहे ते मोज. त्या अवस्थेत किती झटक्याला हुक सुटतो ते नोंदव. तुझा सेन्सर फेकायचा नाही, त्याची जागा बदल. हुक उघडायला तो नको, कॅम खरंच बसला की नाही हे सांगायला वापर. सेन्सर बंद पडला तर फक्त दिवा लागणार नाही, माणसं पडणार नाहीत. सगळं साहित्य बाबांच्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात निघेल.

बाबा बोलत नाहीत म्हणतेस. मला वाटतं त्यांना तुझा विषय आपला आहे हे अजून कळलेलंच नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये कॅनरी बेटांवरच्या सांता क्रूझ दे ला पाल्मा बंदरात 'थॉमसन मॅजेस्टी' या प्रवासी जहाजाची बोट सरावात कोसळून ५ खलाशी गेले. तिथे हुकाचा दोष नव्हता, वायर रोप तुटला होता. बोट जागेवर असताना तार वरच्या पुलीवर जिथे टेकून राहते, तिथेच ती आतून गंजली होती. वरून ग्रीस लावलेलं दिसतं, आतल्या पेडांपर्यंत ते पोचत नाही. आता ५ वर्षांत तार बदलावीच लागते, खराब दिसली तर त्याआधीच. बाबांना हे वाचून दाखव आणि विचार, 'क्रेनचा रोप आतून गेलाय हे तुम्ही कसं ओळखता?' मग भंगारातला एक जुना रोप घेऊन दोघांनी तो पुलीवर वाकणाऱ्या जागी उलगडा. त्या एका दुपारी जे शिकशील ते आमच्यासारख्यांच्या भाषणातून शिकायला मिळणार नाही.

ओळखीत कुणी वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्समध्ये, असेल तर खाणीत पिंजरा वर-खाली ओढणाऱ्या वाइंडिंग इंजिनाबद्दलही विचार. उभ्या पिटच्या खाणीत पिंजरा जास्त वर ओढला गेला तर रोपपासून सुटून वरच वर अडकून राहणारा एक हुक असतो. एरवी कधीच सुटायचा नाही, एकाच प्रसंगी सुटायचाच. तुझ्या हुकाचा हा कोळशातला भाऊच.

आता नोकरी. खरं सांगायचं तर 'लाइफबोट डिझाइन इंजिनीअर' अशी जाहिरात आपल्याकडे तुला क्वचितच दिसेल. डेव्हिट आणि हुक बनवणारी मोठी नावं बाहेरची आहेत : ऑस्ट्रियाची पालफिंगर, डेन्मार्कची वायकिंग, जर्मनीची हाटेके. आपल्याकडे काम आहे ते देखभाल, तपासणी, मंजुरी आणि जहाजबांधणीचं.

देखभालीचं काम वाढतं आहे. १ जानेवारी २०२० पासून नियम असा आहे की वार्षिक तपासणी आणि दर ५ वर्षांची ओव्हरहॉल त्या त्या मेकचं प्रमाणपत्र असलेल्या माणसानेच करायची. पाच वर्षांनी विंचवर, म्हणजे तार सोडणाऱ्या-गुंडाळणाऱ्या यंत्रावर, बोटीच्या भाराच्या १.१ पट भार टाकून चाचणी होते. बंदरांच्या शहरांतल्या सर्व्हिस कंपन्यांना मेकॅनिकलची मुलं लागतात. पगार सुरुवातीला यथातथाच, वेळी-अवेळी बंदरात धावावं लागतं. पण दोन वर्षांत तुझ्या हातून इतके हुक जातील की पुढे डिझाइनच्या टेबलावर बसलीस तर तुझं ऐकलं जाईल.

दुसरा रस्ता समुद्रावरचा. मेकॅनिकलची पदवी असली की १ वर्षाचा ग्रॅज्युएट मरीन इंजिनीअरिंगचा कोर्स, मग जहाजावर प्रशिक्षण, मग परीक्षा देऊन चौथ्या वर्गाचं इंजिनीअरचं प्रमाणपत्र. दर महिन्याला 'अबँडन शिप' म्हणजे जहाज सोडण्याचं ड्रिल, दर ३ महिन्यांनी बोट प्रत्यक्ष पाण्यात : तू जे कागदावर करशील ते तिथे रोजचं काम. दोन गोष्टी मात्र पक्क्या करून घे. वैद्यकीय तपासणी आधी, फी नंतर. डोळ्यांची अट कडक असते. आणि शिपिंग कंपनीचं प्रायोजकत्व लेखी हातात आल्याशिवाय लाखांची फी भरू नकोस. 'पैसे भरा, जहाज मिळवून देतो' म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नकोस. संस्था मान्यताप्राप्त आहे का, ते मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाच्या यादीत बघ. मुलींचं काय, हा आईचा पुढचा प्रश्न असणार. सोनाली बॅनर्जी १९९९ मध्ये देशातल्या पहिल्या महिला मरीन इंजिनीअर झाल्या. तेव्हापासून मुली इंजिनरूममध्ये आहेत. संख्या अजून कमी आहे, हे आईपासून लपवू नकोस.

तिसरा रस्ता एम.टेक.चा, आणि तुझं पत्र वाचून मला तोच जास्त पटतो. खरगपूर आणि मद्रास आयआयटीत नेव्हल आर्किटेक्चर आणि ओशन इंजिनीअरिंग आहे. गेटमध्ये २०२२ पासून नेव्हल आर्किटेक्चर आणि मरीन इंजिनीअरिंगचा वेगळा पेपरही आला आहे, पण तू मेकॅनिकलचाच दे. तो दिलास तर बाकीची दारंही उघडी राहतात, आणि आईचं म्हणणंही राहतं. तिथून पवईचं इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग, माझगाव डॉक, कोचीन शिपयार्ड, कोलकात्याची गार्डन रीच, जी डेक मशिनरीही बनवते. इंडियन रजिस्टरसारख्या क्लास सोसायटीत, म्हणजे जहाजांची रचना तपासून मान्य करणाऱ्या संस्थेत, ड्रॉइंगवर मंजुरीचा शिक्का मारणाऱ्या टेबलाची ताकद मोठी. हुक चांगले होतात ते बहुधा तिथल्या 'हे चालणार नाही' मुळे. कॅम्पसला बरी नोकरी आली तर घे. क्रेन, लिफ्ट, होइस्ट अशा कंपनीची असली तर डोळे झाकून घे. आयटीची असली तर दोनदा विचार कर.

गणित कच्चं ठेवू नकोस. बोट उतरण्याचा किमान वेग मीटर प्रति सेकंदात ०.४ अधिक उंचीच्या ०.०२ पट, असं सूत्र आहे. डेव्हिटचं डोकं पाण्यापासून २० मीटरवर असेल तर ०.८. आता मालवाहू जहाजावरची २५ माणसांची बोट धर, माणशी ८२.५ किलो, वर बोटीचं स्वतःचं वजन. त्या वेगात अचानक ब्रेक लावला तर तारेवर किती झटका येईल, ते काढ. हुकाला ६ चा सुरक्षा गुणक लागतो. तो पुरतो का, तेही बघ. मशीन डिझाइनचा निम्मा पेपर यात आहे.

तुझ्या गाइडना नव्या हुकाची कल्पना सांगितलीस तर 'हे आपल्या लॅबमध्ये होणार नाही' म्हणून बहुतेक वळवून टाकतील. टेस्ट रिगचं स्केच, खर्चाचा अंदाज आणि वर्कशॉप आपलंच आहे हे सांगून जा. जाताना बाबांनाही घेऊन जा.

— तुमचा करिअर मार्गदर्शक, नागपूर