चेलो सोडून व्हिओला दा गाम्बा?

प्रश्न: माझी मुलगी यंदा बारावी कॉमर्सला आहे. लहानपणापासून पुण्यात चेलो शिकते. स्पेनचे जोर्दी सावाल यांचं वादन ऐकल्यापासून तिने एकच धोशा लावलाय: चेलो सोडायचा आणि स्पेनला जाऊन व्हिओला दा गाम्बा हे गजाने वाजवायचं जुनं युरोपीय वाद्य शिकायचं. चारशे वर्षांपूर्वीचं संगीत वाजवून पोट भरतं का? आम्ही घाबरलोय.
– एक आई, पुणे

नमस्कार ताई,

पोट भरतं, पण तिला वाटतंय त्या वाटेने नाही. सावाल स्वतः कसे घडले ते तिच्याबरोबर बसून वाचा.

त्यांचा जन्म १९४१ चा, बार्सिलोनाजवळच्या इगुआलादा गावचा. चेलोचं शिक्षण त्यांनी बार्सिलोनात १९६५ पर्यंत पुरं केलं, व्हिओला दा गाम्बा, म्हणजे थोडक्यात गाम्बा, त्यानंतर हाती घेतला. तो रीतसर शिकायला तेव्हा त्यांनाच स्पेन सोडावं लागलं. १९६८ मध्ये ते स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरात, स्कोला कान्टोरुम या संस्थेत ऑगस्ट व्हेन्झिंगर यांच्याकडे गेले. पुढे गुरूंच्या जागी तिथे शिकवूही लागले. थोडक्यात, चेलो पक्का झाल्यावर गाम्बा आला आणि मैफलींच्या जोडीला शिकवणं राहिलं.

लेकीला हेही सांगा की गाम्बा दिसायला चेलोच्या जवळचा असला तरी हात वेगळा लागतो. तारा सहा किंवा सात, मानेवर आतड्याच्या तातीचे पडदे बांधलेले, सतारीच्या पडद्यांसारखे सरकवता येणारे. गज धरताना तळहात वर वळलेला असतो आणि मधलं बोट केसांवर दाब देतं. चेलोत जोराचा आघात गज ओढताना येतो, इथे तो ढकलताना. इतक्या वर्षांची उजव्या हाताची सवय उलटी करायची म्हणजे चिकाटी लागते.

आता पैशाचं. सिम्फनी ऑर्केस्ट्रात चेलोवाल्यांची अख्खी रांग बसते, गाम्बाला तिथे कायमची खुर्ची नाही. बहुतेक वादक शिकवण्या करतात आणि तीन-चार वाद्यवृंदांत कार्यक्रमागणिक मानधनावर वाजवतात. ईस्टरच्या आधीचे आठवडे त्यांच्या सुगीचे, कारण तेव्हा येशूच्या क्रूसावरच्या मरणाची कथा सांगणाऱ्या, जर्मन संगीतकार बाखच्या 'पॅशन' रचना वाजतात आणि त्या दोन्हींत गाम्बाचा एकल भाग आहे. सावाल यांनी तर स्वतःचं काम स्वतःच उभं केलं. पत्नी, गायिका मोन्सेरात फिगेरास आणि आणखी दोन साथीदारांसह १९७४ मध्ये हेस्पेरिऑन हा वाद्यवृंद काढला, १९८७ मध्ये एक गायकवृंद, १९८९ मध्ये आणखी एक वाद्यवृंद, १९९८ मध्ये 'आलिया व्हॉक्स' ही ध्वनिमुद्रण कंपनी. सर्वदूर नाव झालं ते १९९१ च्या एका फ्रेंच चित्रपटाच्या संगीतामुळे, म्हणजे पन्नाशीत. सरकारच्या भरवशाचं म्हणाल तर २०१४ मध्ये स्पेनचा ३० हजार युरोंचा राष्ट्रीय संगीत पुरस्कार त्यांनी नाकारला. सरकारला कलांची कदर नाही, हे त्यांचं कारण होतं.

माझ्या मते या पेशाचा गाभा मात्र ग्रंथालयात आहे. जुन्या संहितांत पुष्कळ काही लिहिलेलंच नसतं: सुरांना कुठे दागिने घालायचे, लय किती, कोणत्या वाद्यावर वाजवायचं. ते वादकाने शोधायचं. सावाल यांनी कित्येक विसरलेल्या रचना हस्तलिखितांतून उचलून पुन्हा ऐकवल्या. तासन्‌तास कागदात डोकं घालणं तिला रुचतं का? मैफलीत भारावून जाणाऱ्या मुलांपैकी अनेक जण इथे गळतात.

म्हणून एक परीक्षा घ्या. दिएगो ओर्तिझ या स्पॅनिश वादकाने १५५३ मध्ये रोममध्ये गाम्बावादनाचं पुस्तक छापलं. मूळ पानांच्या प्रती नेटवर फुकट मिळतात. त्यात ठरलेल्या खालच्या सुरावटीवर उपज कशी करायची याचे नमुने आहेत. त्यातले दोन-तीन तिने त्या जुन्याच स्वरलिपीतून वाचून चेलोवर बसवावेत, कुणाला तरी पियानोवर खालचे सूर धरायला सांगावं. मग चौथा नमुना स्वतः रचावा. आपल्याकडे रागसंगीत कानावर पडलेल्या मुलांना ही उपज परकी वाटत नाही, हे तिचं भांडवल आहे. सावाल यांनी २००७ मध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरच्या प्रवासावर संगीत केलं तेव्हा १५४२ मध्ये तो गोव्यात उतरला त्या टप्प्यासाठी सरोद आणि तबला घेतले होते.

हे जमलं तर पुढचं: चेलो आणि कॉमर्सची पदवी, दोन्ही सुरू ठेवा. बाझेल, हेग आणि बार्सिलोना, तिन्हीकडे प्राचीन संगीताचे स्वतंत्र विभाग आहेत आणि प्रवेश वादन ऐकून देतात. बाझेलला जर्मन लागेल, बार्सिलोनाला स्पॅनिश आणि कॅटलान. भाषेचा वर्ग मात्र या जूनपासूनच लावा. वाद्य विकत घेऊ नका. युरोपातला उन्हाळ्याचा एखादा छोटा अभ्यासवर्ग आधी करू द्या, तिथे वाद्य भाड्याने मिळतं का ते विचारा. तिथल्या शिक्षकांनी तिचा हात पाहिल्यावर जे सांगितलं ते मला कळवा, मग कर्जाचं आणि अर्जाचं बोलू.