माळावरच्या मांडणीशिल्पाआधी
साताऱ्याजवळ भव्य मांडणीशिल्प उभारण्याचा तुमचा विचार मला मनापासून आवडला. मात्र कासचे पठार टाळावे, कारण तिथल्या मातीच्या पातळ थरावरील दुर्मीळ वनस्पती पायाखाली तुडवल्या जातील. एखादी पडीक जमीन मालकाच्या लेखी संमतीने मिळवा. प्रेरणेसाठी एक उदाहरण पाहा: शिल्पकार रॉबर्ट स्मिथसन यांनी १९७० मध्ये अमेरिकेतील ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या सरोवरात सुमारे १५०० फूट लांबीची सर्पिल वाट तिथल्याच काळ्या बेसाल्टने आणि मातीने रचली. पुढे सरोवराची पातळी वाढून ती अनेक वर्षे बुडाली आणि पाणी ओसरल्यावर मिठाने पांढरी होऊन वर आली. आपल्याकडचा काळा दगडही बेसाल्टच, पण स्मिथसन यांचा आकार उचलू नका. ऊन-पावसाला कामात सामील करून घेण्याची त्यांची दृष्टी घ्या. खर्चासाठी क्रिस्टो आणि जान-क्लोद या भव्य कलाकृती उभारणाऱ्या कलाकार दांपत्याप्रमाणे पूर्वतयारीची रेखाटने विकता येतील.