मुलगा भरतीची तयारी करतोय आणि आई गप्प आहे

पत्र: सासरे १९७१च्या लढाईत होते. आमचे हे १७ वर्षं मिलिटरीत काढून पेन्शनवर आले. लग्न झालं आणि महिन्याभरात रजा रद्द होऊन ते सीमेवर गेले, ऑपरेशन पराक्रमच्या वेळी. आता १९ वर्षांचा मुलगा अग्निवीर भरतीची तयारी करतोय. पहाटे उठून सोळाशे मीटर पळायला जातो. घरात सगळ्यांची छाती फुगलीय, माझ्या मात्र पोटात गोळा येतो. 'नको जाऊ' म्हटलं तर घराण्याच्या नावाला कमीपणा आणल्यासारखं होईल. काय करू? – एक आई

प्रिय ताई,

पत्रात सासऱ्यांची नोकरी आली, यजमानांची आली, मुलाची होऊ घातलेलीही आली. तुमचे ते दिवस मात्र तुम्ही एका ओळीत उरकलेत. डिसेंबर २००१मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि ऑपरेशन पराक्रमखाली ऑक्टोबर २००२पर्यंत सैन्य सीमेवर तैनात राहिलं. युद्ध झालं नाही, म्हणून त्या महिन्यांच्या गोष्टी फारशा कुणी सांगत नाही. पण युद्ध होणार नाही, हे अंगावरची हळद उतरायच्या आत एकट्या पडलेल्या मुलीला कुठे ठाऊक होतं? फोन वाजला की आधी काय मनात येतं, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. तुमची भीती तिथून आलीय. त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि त्यानं घराण्याला कसलाही कमीपणा येत नाही.

हे सगळं आधी यजमानांना सांगा, मुलाला नंतर. २० वर्षांत न बोललेलं एकदम मुलाच्या अंगावर आलं, तर त्याला ते फक्त अडवणं वाटेल.

यजमानांशी आणखी एक गोष्ट बोलायची आहे. त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांच्या काळची नोकरी असेल. २०२२पासून जवानांची भरती अग्निपथ योजनेतून होते. ही नोकरी चार वर्षांची. योजना जाहीर झाली तेव्हाच्या नियमांप्रमाणे त्यातले २५ टक्क्यांपर्यंतच पुढे कायम होतात. बाकीच्यांना सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी एकरकमी मिळतो, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी नाही. म्हणजे मुलगा चोविशीच्या आसपास घरी परत येऊ शकतो, हे धरूनच बोलायला हवं. तेव्हा शिक्षण कुठवर झालेलं असेल? पुढे काय करायचंय? आधी पदवी घेऊन सीडीएसची परीक्षा द्यावी आणि अधिकारी म्हणून जावं, हा विचार त्यानं केलाय का? सध्याचे नियम यजमानांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारावेत. या प्रश्नांमुळे कुणाच्या देशप्रेमावर शंका येत नाही, तेव्हा संकोच नको.

मग मुलाला एकच विचारा: आजोबा आणि बाबा मिलिटरीत नसते, तरी तू गेला असतास का? आणि गप्प बसा. उत्तर त्याला शोधू द्या. तो 'हो' म्हणाला, तर शपथ घालू नका, रडून अडवू नका. १८ वर्षांखालच्या मुलाच्या अर्जावर पालकांची सही लागते. तुमचा मुलगा १९चा आहे. भीती जरूर सांगा, पण ठरवू त्यालाच द्या. आणि तो घुटमळला, तर मात्र ठामपणे त्याच्या बाजूनं उभ्या राहा. वडिलांसमोर 'मला नाही जायचं' म्हणणं अशा घरात फार अवघड असतं. मला तर याच शक्यतेची जास्त काळजी वाटते, कारण तो पळायला जातो हे तुम्ही लिहिलंत, पण त्याला स्वतःला काय वाटतं याचा पत्रात एक शब्द नाही.

तो गेलाच, तर या खेपेला तुम्ही एकट्या नसाल. यजमान घरी असतील. सीमेवर राहणं त्यांना माहीत आहे, पण मागे राहून वाट पाहणं त्यांच्यासाठी नवीन असेल. ते किती जड जातं, हे त्यांना आत्ताच सांगून ठेवा.