परदेशात घर मांडताना कराचा हिशेब

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

नवे घर मांडण्यासाठी लागणाऱ्या सामानाची तू पाठवलेली यादी बारकाईने वाचली. जर्मनी की अमेरिका, हे तुझे अजून ठरायचे आहे, म्हणून तू दोन्हीकडच्या दुकानांच्या किमती शेजारी शेजारी मांडल्या आहेस आणि अमेरिका स्वस्त पडते असा निष्कर्ष काढला आहेस. निष्कर्ष कदाचित बरोबरही ठरेल. पण हे दोन रकाने एकाच मापाचे नाहीत, कारण एका रकान्यात कर धरलेला आहे आणि दुसऱ्यात नाही.

जर्मनीत ग्राहकाला दाखवलेल्या किमतीत मूल्यवर्धित कर, म्हणजे व्हॅट, आधीच मिळवलेला असतो. त्याचा सर्वसाधारण दर 19 टक्के आहे. बहुतेक खाद्यपदार्थांवर आणि पुस्तकांवर तो 7 टक्के आहे. म्हणजे ज्या दिव्यावर 119 युरोची चिठ्ठी आहे, त्याचे तू 119 युरोच देशील, आणि त्यातले 19 युरो कराचे असतील. अमेरिकेत केंद्र सरकारचा विक्रीकर नाही. तो राज्ये लावतात, अनेक ठिकाणी त्यावर काउंटी (राज्यातला जिल्ह्यासारखा विभाग) आणि शहर यांची भर पडते, आणि हा सगळा कर चिठ्ठीवरच्या किमतीत नसतो, तर पैसे देताना वर चढतो. कॅलिफोर्नियात राज्यभरचा किमान दर 7.25 टक्के आहे, पण स्थानिक करांसह काही शहरांत तो 10 टक्क्यांच्या पुढे जातो. ओरेगॉन किंवा मोंटानात मात्र राज्याचा सर्वसाधारण विक्रीकरच नाही. तेव्हा अमेरिकेच्या रकान्यात नुसते राज्य लिहून भागणार नाही; शहर ठरेपर्यंत तो रकाना अपुराच राहील.

शेजारच्या करमुक्त राज्यातून सोफा मागवला की कर वाचला, असे तुला तिथे बरेच जण सांगतील. तसे होत नाही. सामान घरपोच मागवले, तर साधारणपणे ज्या पत्त्यावर ते उतरते तिथला कर लागतो, आणि 2018 मधल्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून बाहेरच्या राज्यातल्या विक्रेत्यालाही, त्याचे तिथे दुकान नसले तरी, तो वसूल करायला राज्ये भाग पाडू शकतात. स्वतः जाऊन सामान उचलून आणले, तरी विक्रीकर असलेल्या राज्यांत 'यूज टॅक्स' नावाचा जोडकर असतो आणि तो भरण्याची जबाबदारी ग्राहकावरच येते. लोक तो भरतात की नाही हा वेगळा प्रश्न. नव्याने देशात आलेल्या माणसाने तरी त्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जर्मनीतली पावती मात्र मुद्दाम वाचून पाहा. किराण्याच्या पावतीवर प्रत्येक वस्तूच्या किमतीपुढे ए किंवा बी असे एखादे अक्षर असते, आणि तळाशी त्या अक्षरांचा खुलासा म्हणून प्रत्येक दराखाली मूळ रक्कम, कर आणि एकूण रक्कम वेगवेगळी छापलेली असते. एका पावतीवर दोन दर कसे नांदतात, हे त्या चार ओळी पाहून जितके लवकर कळते, तितके माझ्या वर्णनाने कळणार नाही.

आता यादीतल्या सर्वांत महागात पडू शकणाऱ्या बाबीकडे येतो. 'निघण्यापूर्वी इथेच नवे घेऊन जहाजाने पाठवायचे' असे तू मिक्सर, संगणक आणि गाद्या यांच्यापुढे लिहिले आहेस. स्थलांतर करणाऱ्याला घरसामानावर आयात शुल्कात आणि करात सवलत मिळते हे खरे, परंतु ती वापरलेल्या सामानासाठी असते. युरोपीय संघाच्या नियमानुसार तू आधी किमान 12 महिने संघाबाहेर राहिलेला असला पाहिजेस, वस्तू किमान 6 महिने तुझ्या ताब्यात आणि वापरात असली पाहिजे, आणि आणल्यानंतर 12 महिने ती विकता किंवा भाड्याने देता येत नाही. अमेरिकेत घरसामान परदेशात किमान एक वर्ष वापरलेले असावे लागते. म्हणजे खोकेही न उघडलेली नवी गादी तू हौसेने पाठवलीस, तर घेताना इथला कर, वर जहाजाचे भाडे आणि बंदरावर तिथली कर-आकारणी, असा तिहेरी खर्च अंगावर येऊ शकतो. वर्षभरापूर्वी घेतलेला संगणक न्यायला हरकत नाही. गाद्या तिथेच घे. मिक्सरही तिथेच घे, कारण अमेरिकेतला विजेचा दाब वेगळा आहे आणि तो मुद्दा कराच्याही आधी येतो.

पर्यटकांना मिळणाऱ्या कर-परताव्याबद्दल तू विचारले आहेस. युरोपीय संघात तो संघाबाहेर राहणाऱ्या आणि वस्तू बाहेर घेऊन जाणाऱ्या ग्राहकासाठी आहे. तू तिथे राहायला गेलास की त्यावर तुझा हक्क नाही.

पहिल्या काही महिन्यांत जुने सामान घेण्याचा विचार जरूर कर. जर्मनीत खासगी व्यक्तीने आपली जुनी खुर्ची विकली, तर त्यावर व्हॅट लागत नाही, आणि घर सोडून जाणारे लोक सामान बऱ्याचदा पडेल भावात देतात. अमेरिकेत जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतलेस, तर विक्रीकर असलेल्या राज्यात तो लागेल, एवढे धरून चाल.

यादी नव्याने करताना न्यायच्या प्रत्येक वस्तूपुढे खरेदीची तारीख आणि अंदाजे किंमत लिही, आणि सापडतील तेवढी बिले एका पाकिटात ठेव. सीमाशुल्क अधिकाऱ्याला सामानाची यादी द्यावीच लागते, आणि वस्तू किती काळ वापरात आहे असे त्याने विचारले, तर तेच बिल पुढे करता येते. ते पाकीट सामानाच्या पेटीत न टाकता हातातल्या बॅगेत ठेव. दुरुस्त केलेली यादी, शहर ठरल्यावर, माझ्याकडे पाठव.

कळावे.

तुझा हितचिंतक