‘पेपरातलंच टाकलं होतं मॅडम, मग नोटीस मला का?’

प्रश्न असा आलाय, थोडक्यात सांगते. हे गृहस्थ तालुक्याच्या गावात कबड्डी-कुस्तीच्या बातम्यांचं एक फेसबुक पेज चालवतात, हौस म्हणून. दीड महिन्यापूर्वी कॉलेजच्या गेटवर मारामारी झाली, त्यात कॉलेजच्या कबड्डी टीममधल्या रेडरवर गुन्हा दाखल झाला. एका स्थानिक पेपरात आणि एका न्यूज पोर्टलवर बातमी आली, ह्यांनी दोन्हीची कात्रणं जोडून पोस्ट टाकली: "खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा, कबड्डीपटूसह दोघे अटकेत, असल्या गुंडांना मैदानातून हाकला." सोबत दोन्ही मुलांचे जर्सीतले फोटो. आता रेडरच्या वडिलांनी वकिलामार्फत नोटीस पाठवलीय, पंधरा दिवसांत जाहीर माफी आणि दहा लाख रुपये. ह्यांचं म्हणणं, मी स्वतः काहीच लिहिलं नाही, पेपरातलंच टाकलं, माझं मन साफ होतं, मग मला का? नोटीस, दोन्ही कात्रणं, पोस्टचा स्क्रीनशॉट आणि एफआयआरची कॉपी असं सगळं पाठवलंय, हे बरं केलंत.

दादा, आधी दुसऱ्या मुलाचं बोलू. तुम्ही पत्रात सहज एक ओळ लिहिलीत, "दुसरा मुलगा बारावीत आहे, त्याच्या घरच्यांनी काही नोटीस वगैरे दिली नाही". मला सगळ्यात जास्त तीच ओळ टोचली. आपल्याकडे अकरावी-बारावीला ज्युनिअर कॉलेज म्हणतात म्हणून बातमीत "कॉलेज खेळाडू" छापून येतं आणि वाचणारा धरून चालतो की वीस-बावीसचा असेल. तुमच्याच एफआयआरच्या कॉपीत आरोपींच्या रकान्यात बघा, एक नंबरला रेडरचं नाव आहे आणि दोन नंबरला नावच नाहीये, "एक विधिसंघर्षग्रस्त बालक" एवढंच लिहिलंय. ह्या अवघड शब्दाचा साधा अर्थ म्हणजे घटनेच्या दिवशी मुलाला अठरा पूर्ण नव्हती. पोलिसांनी नाव झाकलं, पोर्टलवाल्याने ते गावातून शोधून काढून छापलं आणि तुम्ही फोटोसकट पुढे पाठवलं. बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 74 प्रमाणे अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही छापायला मनाई आहे, आणि ती फक्त पेपर-टीव्हीला नाही, संवादाच्या कुठल्याही माध्यमाला आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इथे बातमी खरी होती का खोटी हा प्रश्नच येत नाही, बातमी शंभर टक्के खरी असली तरी नाव छापायचं नाही म्हणजे नाही. त्यामुळे घरच्यांनी नोटीस दिली नाही म्हणून निवांत राहू नका.

आता रेडरकडे येऊ. मी काल रात्री एफआयआर आणि दोन्ही कात्रणं शेजारी शेजारी ठेवून पेन्सिल घेऊन वाचली. पेपरचं हेडिंग आहे "कबड्डीपटूचा कोयत्याने खुनी हल्ला". एफआयआरमध्ये आपल्या पोलिसांच्या त्या ठरलेल्या मराठीत लिहिलंय, "लाथाबुक्क्यांनी व लाकडी दांडक्याने मारहाण करून शिवीगाळ व दमदाटी केली". अख्ख्या फिर्यादीत कोयता हा शब्द कुठे नाही, दोनदा शोधला. हल्ली कोयत्याच्या बातम्या इतक्या येतात की लिहिणाऱ्याच्या हाताला तो आपोआप येत असावा. मग कलमं बघा: भारतीय न्याय संहितेची 118(1), 115(2), 352, 351(2) आणि 3(5). ह्यात खुनाचा प्रयत्न कुठेच नाही. खुनाचा प्रयत्न म्हणजे कलम 109, जुन्या भारतीय दंड संहितेतलं 307, त्याला दहा वर्षांपर्यंत आणि समोरचा जखमी झाला असेल तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. 118(1) म्हणजे घातक हत्याराने दुखापत, दांडकं त्यात बसतं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तीन वर्षं कुठे आणि जन्मठेप कुठे, ज्या पोराला उद्या पोलीस भरतीला उभं राहायचंय त्याच्यासाठी हा फरक केवढा आहे तुम्हीच सांगा.

तिसरी गोष्ट "अटकेत". नोटिसीला जोडलेल्या कागदात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम 35(3) ची नोटीस आहे, म्हणजे तपासाला हजर राहा असं पोलिसांनी लेखी कळवलंय. पूर्वी ह्यालाच 41अ ची नोटीस म्हणायचे. ही नोटीस दिली म्हणजे अटक केली असं नाही, उलट अटक न करता तपास चालवायचा तो हा मार्ग. पण पोरगं पोलीस स्टेशनच्या पायऱ्या उतरताना कुणीतरी बघितलं आणि गावात झालं, धरून नेला. आणि बारावीचा मुलगा तर "अटकेत" असूच शकत नाही, लहान मुलाला ताब्यात घेतात आणि बाल न्याय मंडळापुढे नेतात. म्हणजे "दोघे अटकेत" ह्या दोन शब्दांत दोन चुका.

बातमीत खरं काय उरलं? मारामारी झाली, गुन्हा दाखल झाला, रेडरचं नाव आरोपी म्हणून आहे. एवढंच टाकलं असतं तर नोटीस आलीच नसती, आणि आली असती तर मी तुम्हाला चहा घ्या म्हणाले असते.

आता तुमचा मुख्य मुद्दा, की मी फक्त शेअर केलं आणि मन साफ होतं. बदनामीच्या कायद्यात दुसऱ्याचं वाक्य पुढे नेणाराही प्रसिद्ध करणाराच धरला जातो, "पेपरात आलंय" हे सांगून सुटका होत नाही. बदनामीचं कलम आता 356 आहे, जुनं 499-500, शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही किंवा समाजसेवा. त्याला अपवाद आहेत, त्यातला तुम्हाला उपयोगी पडू शकेल असा म्हणजे सद्भावनेने, लोकांच्या हितासाठी केलेलं विधान. पण इथेच सगळे फसतात. आपण सद्भावना म्हणजे मनात खोट नव्हती असं समजतो. कायद्यात तिची व्याख्याच दिलीय, कलम 2(11): जे पुरेशी काळजी आणि लक्ष न देता केलं ते सद्भावनेने केलं असं म्हणताच येणार नाही. म्हणजे कोर्ट तुमचं मन बघणार नाही, टाकायच्या आधी काय तपासलंत ते विचारणार. तुमचं उत्तर काय, तर कात्रण वाचलं. आणि एफआयआरची कॉपी तुम्ही कधी काढली? नोटीस आल्यावर. तीच पोस्टच्या आधी काढली असती तर हा बचाव तुमच्या हातात होता.

आणि काढायला अवघड काही नाही हो. सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर 2016 मध्ये सांगितलंय की संवेदनशील प्रकरणं सोडून एफआयआर 24 तासांत पोलिसांच्या वेबसाइटवर टाकायचा. महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवर जिल्हा, पोलीस स्टेशन आणि तारखा टाकल्या की यादी येते, गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) दिसतो, कॉपी उतरवता येते. मुलांवरच्या, बायकांवरच्या अत्याचाराची प्रकरणं तिथे सापडणार नाहीत आणि नाही सापडली तर नाव शोधत बसायचं नाही, ते मुद्दामच ठेवलेलं नसतं. पुढे कोर्टात काय झालं ते ई-कोर्ट्सच्या ॲपवर बघता येतं, एफआयआर नंबर आणि वर्ष टाकून. फक्त एक ध्यानात ठेवा, दोषारोपपत्र जाईपर्यंत तिथे रिमांड किंवा जामीन अर्जाशिवाय काही दिसणार नाही, आणि दोषारोपपत्र म्हणजेसुद्धा पोलिसांचं म्हणणं, कोर्टाने आरोप निश्चित करणं ही त्यापुढची पायरी. बातमीदार ह्या दोन्हीला सर्रास "आरोप सिद्ध" लिहून मोकळे होतात. "न्यायालयीन कोठडीत रवानगी" वाचून लोकांना शिक्षा झाली असं वाटतं, ती फक्त एमसीआर, म्हणजे मॅजिस्ट्रेट कस्टडी रिमांड असते, बहुतेकदा त्यानंतरच जामिनाचा अर्ज लागतो.

तुम्ही लिहिलंय की पोर्टलने "पोलिसांनी सांगितलं" असं दिलं होतं, मग विश्वास ठेवायचा नाही तर काय करायचं. ठेवा, पण ते पोलिसांचं म्हणणं आहे असंच लिहा. अमेरिकेत 2006 साली ड्यूक विद्यापीठाच्या लॅक्रॉस (तिकडचा एक मैदानी खेळ) टीमचं प्रकरण झालं होतं, आमच्याकडे ज्युनिअर वकिलांना मी ते नेहमी सांगते. पार्टीत बलात्कार झाल्याची तक्रार, डरहॅमचा सरकारी वकील माइक निफाँग निवडणुकीच्या धामधुमीत, रोज मीडियासमोर, खेळाडू दोषीच आहेत अशा थाटात. तीन खेळाडूंवर आरोप ठेवले, विद्यापीठाने टीमचा उरलेला सीझन रद्द केला, कोचला जावं लागलं. डीएनए एकाही खेळाडूशी जुळला नाही आणि तो पूर्ण अहवाल बचाव पक्षाला वेळेत दिलाच नव्हता. एप्रिल 2007 मध्ये राज्याचे ॲटर्नी जनरल रॉय कूपर ह्यांनी तिघे निर्दोष आहेत असं जाहीर सांगून केस संपवली आणि जूनमध्ये निफाँगची वकिलीची सनद गेली. तिथे तर माहिती देणारा खुद्द सरकारी वकील होता. तेव्हा ठाण्यातल्या हवालदाराने फोनवर सांगितलं एवढ्यावर "खुनाचा प्रयत्न" लिहायचं का, विचार करा.

आता नोटीस. तिचीही तपासणी केली, का नाही करायची. कलम 499-500 लावलंय, पण तुमची पोस्ट दीड महिन्यापूर्वीची, 1 जुलै 2024 पासून नवी संहिता आहे. वर आयटी ॲक्टचं 66अ (ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराचं कलम) घातलंय, जे सुप्रीम कोर्टाने 2015 मध्येच रद्द केलं! जुन्या नोटिशीतलं नाव बदलून पाठवलेलं दिसतंय. पण ह्यावर खूश होऊ नका, कलम चुकलं म्हणून दावा मरत नाही, ते दावा टाकताना सुधारतील. दहा लाख हा आकडाही मागणारा मागतो, द्यायचे किती ते कोर्ट ठरवतं आणि त्यात तुम्ही चूक किती लवकर सुधारली हे बघितलं जातं. त्यांच्याकडे वेळ आहे, दिवाणी दाव्याला पोस्ट टाकल्यापासून एक वर्ष आणि फौजदारी तक्रारीला तीन. पोलीस बदनामीचा एफआयआर घेत नाहीत, मॅजिस्ट्रेटकडे खाजगी तक्रार करावी लागते आणि नव्या कायद्यात दखल घेण्याआधी तुमचं म्हणणं ऐकायची संधी द्यावी लागते, तेव्हा उद्या सकाळी कोणी दारात येणार नाहीये.

पण गप्पही बसायचं नाही. आधी पोस्टचा लिंक आणि तारखेसकट पूर्ण स्क्रीनशॉट ठेवून द्या, कमेंटसकट, मग पोस्ट काढा. गुपचूप डिलीट करून "मी टाकलंच नव्हतं" असला उद्योग करू नका, त्यांच्याकडे स्क्रीनशॉट आहेच. त्यानंतर त्याच पेजवर, वर पिन करून, असं काहीतरी टाका: "अमुक तारखेला आम्ही एका मारामारीची बातमी दिली होती. त्यात खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा आणि अटक असं म्हटलं होतं. प्रत्यक्ष एफआयआरमध्ये ते कलम नाही, अटक झालेली नाही, कोयत्याचा उल्लेख नाही. ‘गुंड’ हा शब्द आम्ही मागे घेतो. चुकीबद्दल दिलगीर आहोत." बस. बारावीच्या मुलाबद्दल ह्यात एक अक्षर नको, दुरुस्तीच्या नावाखाली त्याचं नाव परत छापणारे महाभाग मी पाहिलेत. आणि रेडरच्या वडिलांना व्हॉट्सॲपवर "माझ्याकडून तुमची बदनामी झाली" वगैरे लिहू नका, वाटलं तर प्रत्यक्ष जाऊन भेटा, नोटीसला लेखी उत्तर मात्र वकिलामार्फतच जाऊ द्या.

कमेंटमधल्या शिव्यांचं विचारलंत. व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितलंय की मेंबरने टाकलेल्याला ॲडमिन आपोआप जबाबदार होत नाही. पण फेसबुक पेजवरची कमेंट तुम्हाला दिसते, काढता येते, तुम्ही त्यातल्या दोन लाइकही केल्यात (स्क्रीनशॉटमध्ये दिसतंय बरं का), तेव्हा त्या निकालाच्या आधाराने बसू नका.

पेपरवर काही करता येईल का, येईल. आधी संपादकाला लेखी पत्र, एफआयआरची प्रत जोडून, दुरुस्ती मागा. नाही छापली तर प्रेस कौन्सिल, दैनिकाच्या बाबतीत बातमी आल्यापासून दोन महिन्यांच्या आत, म्हणजे तुमच्याकडे जेमतेम पंधरा दिवस आहेत. कौन्सिल ताकीद देतं, ठपका ठेवतं, दंड नाही करत. पोर्टल तिच्या कक्षेत येत नाही, त्याच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहायचं, त्याला पंधरा दिवसांत निर्णय द्यावा लागतो. हे सगळं केल्याने तुमची जबाबदारी माफ होत नाही, पण उत्तरात लिहायला चांगलं दिसतं.

शेवटी रेडरसाठी एक निरोप, वडिलांना भेटलात तर सांगा. भरतीच्या किंवा खेळाडूंच्या पाच टक्के कोट्याच्या फॉर्ममध्ये "गुन्हा दाखल आहे का" ह्या रकान्यात "नाही" लिहू देऊ नका. केस पुढे मिटेलही, पण लपवलं म्हणून नोकरी गेल्याची प्रकरणं सुप्रीम कोर्टापर्यंत गेलीत, 2016 चा अवतार सिंगचा निकाल ह्यावरच आहे.

नोटिसचं पाकीट टाकून दिलं नाहीत ना? त्यावरचा पोस्टाचा शिक्का मला लागेल, तुमचे पंधरा दिवस नोटीस हातात पडल्यापासून मोजायचेत. तेवढा फोटो पाठवा, पण आधी त्या बारावीच्या पोराचा फोटो खाली उतरवा.