डिस्टोपियन कादंबऱ्या वाचणाऱ्या मुलीने पुढे काय करावं?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी अकरावी आर्ट्सला, इंग्रजीतल्या त्या बिघडलेल्या जगाच्या कादंबऱ्या रात्री बारा-बारापर्यंत वाचत बसते, तिच्या बाबांचं म्हणणं की यातून काही मिळणार नाही त्यापेक्षा कॉम्प्युटरचा कोर्स लाव, आणि तुम्ही विचारताय की या आवडीतून करिअर होतं का. पण मला तुमच्या पत्रातली दुसरीच ओळ जास्त महत्त्वाची वाटली. तुम्ही ॲपवरून किराणा मागवत होतात तेव्हा ती म्हणाली की आई थांब, यांनी दानाचे पाच रुपये न विचारताच बिलात टाकलेत. हे तिला दिसलं, आपल्यापैकी कितीजणांना दिसतं?

तुम्ही लिहिलंय ती तिची आवडती 'फीड' मी पण वाचलीये. एम. टी. अँडरसनची, २००२ ची, म्हणजे आयफोन यायला अजून पाच वर्षं होती. त्यात माणसांच्या मेंदूतच इंटरनेट बसवलेलं असतं, त्यालाच 'फीड' म्हणतात, मनात नुसता विचार आला की जाहिरात हजर, शाळा सुद्धा कंपन्या चालवतात. त्यातली व्हायोलेट नावाची मुलगी ठरवते की आपण मुद्दाम कशाही वस्तू बघायच्या, म्हणजे कंपनीला आपल्या आवडीचा पत्ताच लागणार नाही. मग तिचं फीड बिघडतं, जीवावर बेततं, आणि कंपनी म्हणते तुझ्या खरेदीचा काही भरवसा नाही, दुरुस्तीचा खर्च आम्ही का करू. 'हंगर गेम्स' या कादंबरीत पण तेच बघा, मुलांना टीव्हीवर जीवघेण्या खेळात उतरवतात, तिथे स्पॉन्सरला आवडलात तर औषध मिळणार, नाहीतर नाही. हे वाचून ज्या मुलीला आपल्या किराणाच्या बिलातले पाच रुपये दिसतात ती टाइमपास करत नाहीये ताई, ती वाचलेलं वापरतेय.

आणि या कामाला खरंच मागणी आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न्स' वर नियमावली काढली, ॲप आणि वेबसाइटवर ग्राहकाला फसवायचे १३ प्रकार त्यात दिलेत, आणि न विचारता बास्केटमध्ये काही टाकणं हा त्यातलाच एक. त्याच वर्षी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आला. आता हे कायदे समजणारे वकील लागणार, आणि कोणाला न फसवता स्क्रीन कशी बनवायची ते कळणारे डिझायनरही लागणार.

म्हणून मला तिच्यासाठी दोन वाटा जास्त पटतात. बारावीनंतर पाच वर्षांचं लॉ, त्यासाठी राज्याची लॉ सीईटी किंवा राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट, अशी प्रवेश परीक्षा. नाहीतर डिझाइन, आयआयटी बॉम्बेच्या आयडीसीत, म्हणजे त्यांच्या डिझाइन विभागात, बी.डेस. ही डिझाइनची पदवी आहे, त्याची यूसीड ही प्रवेश परीक्षा आर्ट्सवाल्यांनाही देता येते, फक्त त्यात चित्र काढावं लागतं तर आत्तापासून रोज हात चालू ठेवावा लागेल. बीए इंग्लिश, एमए, मग प्राध्यापक व्हायच्या नेट-सेट परीक्षा हा रस्ता पण आहे, पण स्पष्टच सांगते, प्राध्यापकाच्या जागा कधी निघतील याच्यावर संसार उभा करता येत नाही, म्हणून तिकडे गेली तर सोबत अनुवाद किंवा संपादनाचं काम शिकायलाच हवं.

बाबांना सांगा कॉम्प्युटर नको असं मी म्हणतच नाहीये. थोडं कोडिंग या दोन्ही वाटांवर कामाला येईल. फक्त तिच्याकडून पुस्तकं काढून घेऊन तो कोर्स लावू नका, माझी कळकळीची विनंती आहे, कारण ज्या गोष्टीमुळे तिला कोर्समधलं काही आपलं वाटेल तीच तुम्ही काढून घ्याल.

सध्या तिला एक वही करायला सांगा. घरातल्या ॲपवर असं काही दिसलं की स्क्रीनशॉट काढायचा, त्या १३ पैकी कोणता प्रकार ते लिहायचं, आणि कादंबरीतला कुठला प्रसंग आठवला ते पण, मराठीत, एक पान पुरे. दोन-तीन महिने हे टिकलं तर कळेल की तिला कायद्यात जास्त रस आहे, स्क्रीन कशी बनते त्यात आहे की लिहिण्यात. दिवाळीच्या सुट्टीत त्यातली चार पानं मला पाठवा, आणि तेव्हाचं पत्र तुम्ही नको, तिलाच लिहू दे.